काळी पाचचा सा

मी पेटीवाला. मैफलीत तानपुऱ्यातला सा शेवटपर्यंत जागचा हलत नाही. गायक कुठेही फिरून आला तरी घर तिथंच. जॅझमधल्या स्विंगमध्ये खालचा पायाच, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ (कॉर्ड), सरकतो आणि वादकाला तान त्या सरकण्यावर बेतावी लागते.

संगीतकार गर्शविनचं 'आय गॉट रिदम' १९३० सालचं, 'गर्ल क्रेझी' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतलं. वादकांनी त्याची चाल सोडून दिली, कॉर्ड्स तेवढ्या उचलल्या. शेपटाचे दोन बार (चार-चार मात्रांचे तुकडे) छाटले आणि बत्तीस बारचं आवर्तन केलं: आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. तो ब्रिज. पेटी काढा आणि वाजवूनच बघा. काळी तीन आणि वरची पांढरी एक एकत्र दाबा, दोन बार धरा. मग दोन्ही बोटं लगतच्या पट्टीवर खाली: पांढरी चार, पांढरी सात. पुन्हा खाली: पांढरी तीन, काळी पाच. शेवटी काळी दोन, पांढरी सहा. चार कॉर्ड्स, प्रत्येकीतले हे दोनच सूर, आणि इथं आल्यावर कान काळी पाचच्या सा साठी अगदी आसुसतो. तान कितीही गरगरली तरी कॉर्ड बदलताना यातल्या एका सुरावर उतरली, की बसली.

सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स हे काम चोख करायचा. ऑक्टोबर १९३९ मधल्या 'बॉडी अँड सोल'च्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीनंतर मूळ चाल जवळपास नाहीच. एकेक कॉर्ड उलगडत तो वर चढत जातो. सॅक्सोफोनवाल्याच लेस्टर यंगचा स्वभाव उलटा. १९३४ साली तो फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये हॉकिन्सच्या जागी आला, पण त्याचा पातळ आवाज तिथं कुणाला रुचेना. हेंडरसनची बायको लिओरा त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवायची, असं वाजव म्हणून! पुढं सप्टेंबर १९३९ मध्ये काउंट बेसीबरोबर त्यानं 'लेस्टर लीप्स इन' वाजवलं, गर्शविनच्याच कॉर्ड्सवर. प्रत्येक कॉर्डला हात लावायचा हट्ट नाही. एखादा सूर दोन-तीन कॉर्ड्सवरून खुशाल ओढून नेतो. हॉकिन्सची विद्या मोठी, पण मी लेस्टरच्या बाजूचा.

या उसनवारीत पैशाचंही गणित होतं. हक्क चालीवर सांगता येई, कॉर्ड्सवर नाही. जुन्या कॉर्ड्सवर नवी चाल बसवली की रचना आपली, रॉयल्टीही आपली. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनं १९४६ साली याच कॉर्ड्सवर 'मूस द मूच' बांधलं. नाव ठेवलं ते त्याला हेरॉइन पुरवणाऱ्याचं, आणि त्या रेकॉर्डच्या रॉयल्टीतला निम्मा वाटाही त्याच माणसाला लिहून दिला.