राखेची वीट

वीट मातीची असते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. लंडनमधील एकोणिसाव्या शतकातल्या पिवळट विटांच्या बाबतीत हे विधान अर्धेच खरे आहे. त्या विटांत माती होती, खडू होता आणि घरोघरच्या शेगड्यांतून निघालेली दगडी कोळशाची राखही होती.

हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५० च्या सुमारास लंडनच्या कष्टकऱ्यांची हकीकत लिहून ठेवली. त्याच्या नोंदीनुसार हे शहर वर्षाला सुमारे ३५ लाख टन कोळसा जाळत असे. राख उचलण्याचा मक्ता ठेकेदार घेत. त्यांच्या आवारांत राखेचे डोंगर उभे राहत आणि कातड्याचे जाड एप्रन बांधून बायका दिवसभर ती राख चाळत. चाळणीखाली पडणारी बारीक राख विटांच्या मातीत जाई. चाळणीवर उरणारे अर्धवट जळलेले कोळशाचे खडे भट्टीत विटांच्या थरांमध्ये पसरले जात. त्या बायकांच्या फुप्फुसांत किती राख गेली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

वीटवाले ही राख पैसे देऊन का घेत? राखेत न जळलेला कार्बन शिल्लक असे. बाहेरून दिलेली उष्णता विटेच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पण कार्बन मातीतच मिसळला असेल तर प्रत्येक वीट आपले थोडे जळण पोटात घेऊनच भट्टीत शिरते. ती आतूनही भाजली जाते आणि कार्बन जळून गेल्यावर राहिलेल्या छिद्रांमुळे हलकी होते. पिवळा रंग मात्र राखेचा नव्हे. खडूतला चुना मातीतल्या लोहाशी संयोग पावतो, म्हणून वीट लाल होत नाही.

हा व्यवहार बाजारावर चाले. बांधकामे जोरात असताना ठेकेदार राखेसाठी पैसे मोजत. मागणी घटली, तेव्हा राख उचलण्यासाठी तेच पैसे मागू लागले. पुढे १८८० नंतर पीटरबरोजवळच्या फ्लेटन गावची माती पुढे आली. त्या मातीत मुळातच सेंद्रिय पदार्थ असल्याने जळणाचा बराचसा भाग मातीतूनच मिळे. मग राखेची गरज कोणाला?

आपल्याकडे गोष्ट उलट्या दिशेने घडली. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचे तळे वाढत चालले आणि विटांसाठी शेतजमिनीची वरची सुपीक माती जात होती. म्हणून १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली : वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा पाडताना वजनाने किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे. किमान दहा वर्षे राख फुकट देण्याचे बंधन वीजकेंद्रांवर आले. २००३ मध्ये हे अंतर १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. म्हणजे एकलहरे, कोराडी, परळी यांच्या आसपासच्या भट्ट्याच नव्हे, तर जवळजवळ सारा महाराष्ट्र या नियमाच्या कक्षेत आला.

फुकटची राख घ्यायला कायदा लागावा, हे विचित्र वाटते. आमच्या मते त्याचे उत्तर पुन्हा कार्बनमध्येच आहे. वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात. त्यामुळे उडत्या राखेत कार्बन फार थोडा उरतो. भट्टीवाल्याच्या वाट्याला जळणाची बचत कमी येते. वाहतूक आणि मिसळण्याचे कष्ट मात्र पूर्ण येतात. काळ्या मातीच्या प्रदेशात तिचा वेगळा फायदा आहे. काळी माती वाळताना फार आकसते आणि कच्च्या विटेला तडे जातात. न आकसणारी राख ते कमी करते. उलट कारखान्यांच्या बॉयलरमधील, अर्धवट जळलेली काळपट राख वीटवाले कोणी न सांगता, स्वतःहून घेतात. तिच्यात जळण असते.

शाळेजवळ बांधकाम चालू असेल तर मुलांना एक फुटकी वीट आणायला सांगावी. छेदाच्या मधोमध काळा पट्टा दिसला, तर बहुधा तेथवर पुरेसा प्राणवायू पोचला नव्हता आणि आतला कार्बन जळायचा राहिला.