नाणेघाटात चाक चालत नाही

"एकटीच?" आबांनी विचारलं. मग, "सायकलवर?" आणि थोडं थांबून, "रस्ता झालाय व्हय तिथवर?"

रस्ता होऊन बरीच वर्षं झाली, पण आबांच्या डोक्यातला नाणेघाट पायवाटेचाच आहे. लहानपणी ते वडिलांबरोबर घाट उतरून म्हशाच्या जत्रेला गेले होते. म्हसा म्हणजे खाली कोकणातलं, मुरबाड तालुक्यातलं गाव. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते, बैलांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार असतो. माझ्या पणजोबांनी तिथून बैलजोडी घेतली आणि ती चालवत घाट चढवून वर आणली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या बैलांची नावंही मला पाठ आहेत. ढवळ्या आणि पाखऱ्या.

आमचं घर नारायणगाव आणि जुन्नरच्या मध्ये. नोव्हेंबरातल्या एका रविवारी उजाडल्यावर निघाले. सायकलवाले पहाटेच्या अंधारात निघतात, पण आमच्याकडे उसात बिबटे आहेत, त्यामुळे हा नियम आम्हाला लागू नाही. जुन्नर गाठेपर्यंत रस्ता सपाट, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्यांचा. डावीकडे शिवनेरी उन्हात यायला लागला होता.

जुन्नरजवळच्या डोंगरांत 200 हून जास्त लेणी कोरलेली आहेत. शाळेच्या सहलीत लेण्याद्री पाहिलं की आपल्याला वाटतं, झालं. पण त्या लेण्यांमधले दानलेख वाचले तर कळतं, पैसे कुठून आले. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, म्हणजे आजच्या भाषेत त्यांची संघटना. दुसरीकडे बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी आहेत, त्यांच्याकडे ठेव ठेवलेली आहे. इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याची दोन टाकी दिली आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला कुणीतरी. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावात तो काय करत होता, याचं उत्तर मी जात होते त्या दिशेला आहे. जुन्नर हे बंदरांचं वरचं दार होतं. खाली कल्याण, सोपारा, वर जुन्नर, आणि पुढे पैठणकडे जाणारा रस्ता. मधली कडी नाणेघाट.

आपटाळे मागे पडलं आणि चढउतार सुरू झाले. माणिकडोहच्या पाण्याचे निळे तुकडे दिसत होते. भात कापणीला आलं होतं, काही खाचरांत कापून आडवं पाडलेलं. चावंडच्या किल्ल्याखालच्या चढाला मी सगळ्यात हलका गियर टाकला, तरी मांड्या पेटल्या. एका शेतातल्या मावशीनं विळा थांबवून विचारलं, "गाडी बिघडली का गं?" मी म्हटलं, "नाही, चढ आहे." ती हसली. तिच्या लेखी तो चढ नव्हताच.

आणि तिचं बरोबर होतं. हे मला घाटघरला पोचल्यावर उमगलं. मी मनात धरून बसले होते की 'घाट' आहे म्हणजे शेवटी एक भला मोठा चढ येणार, आणि त्यासाठी पाय राखून ठेवले होते. तो आलाच नाही. देशावरून गेलं की नाणेघाट चढायचा नसतोच. रस्ता जीवधनच्या उजव्या अंगानं, बऱ्यापैकी आरामात पठाराच्या टोकाला जातो, समुद्रसपाटीपासून 800 मीटरांहून थोडा वर, आणि तिथे जमीन संपते. पुढे नानाचा अंगठा, त्याच्या खाली पोकळी, आणि धुरकट कोकण. घाट त्या बाजूला आहे. ज्यानं तो चढला तो खालून आला.

डांबर संपतं त्याच्या पुढे दगडी रांजण आहे. यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असं इथे प्रत्येक गाइड सांगतो. रांजणापुढे दोन कड्यांच्या मधली अरुंद नळी सुरू होते आणि तिच्यात उतरते फरसबंदी, पायऱ्यापायऱ्यांची वाट. मी सायकल चहाच्या टपरीला टेकवली आणि कुलूप लावलं. एवढ्या लांब आणलेलं यंत्र इथे निरुपयोगी होतं.

पहिल्याच पाच-सहा दगडांवर माझे बूट घसरले. सायकलिंगच्या बुटांना खाली पॅडलमध्ये अडकणाऱ्या क्लीट असतात. गुळगुळीत दगडावर त्या म्हणजे बर्फावरची घसरगुंडी. तेव्हा आबांचं वाक्य आठवलं: "दगडावर बैल घसरतो, कडंच्या मातीनं घ्यायचा. पत्री असली तर जास्तच." बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. मी बूट काढून हातात घेतले आणि कडेच्या मातीवरून अनवाणी उतरले.

थोडंच खाली गेलं की गुहा लागते. 1828 साली विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं इथल्या लेखांची नोंद केली. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी ते वाचले. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एका सातवाहन राणीचा लांबलचक लेख आहे. साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. आपण तिला नागनिका म्हणतो. ती वेदिसिरी आणि सतिसिरी यांची आई आहे, महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी, असं लेख सांगतो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त वर कोरलेली नावं आहेत.

लेखात यज्ञांची यादी आणि त्यांची दक्षिणा आहे. एका ठिकाणी 1700 गाई आणि 10 हत्ती. पुढे 11,000 गाई आणि 1000 घोडे. आणखी पुढे 24,400 कार्षापण. भारतातले अगदी जुने कोरीव अंक इथे आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासातही या भिंतीला मान आहे. गंमत अशी, की वाचता येतं त्या मजकुरात जकातीचा उल्लेख नाही. रांजणाची गोष्ट लोकांनी सांभाळली, भिंतीनं नाही. मला लोकांची गोष्ट पटते. एवढे कार्षापण कुठूनतरी आले असणार, आणि राणीनं आपला जमाखर्च राजधानीत न कोरता नेमका याच नळीत कोरला, जिथून प्रत्येक ओझ्याला जावंच लागे. पण भिंतीवर फक्त खर्चाची बाजू आहे. जमेची बाजू पायाखाली होती. मधोमध झिजलेले ते दगड.

ओझी बैलांच्या पाठीवर यायची. शेकडो वर्षं सह्याद्रीतला बहुतेक माल असाच चढला. लमाणांचे तांडे कोकणातून मीठ वर आणत आणि धान्य खाली नेत. बैलाला लागते फक्त पाऊल टेकवण्यापुरती जागा, म्हणून ही वाट सरळ चढत येते. गाडीच्या चाकाला ते जमत नाही. त्याला वळणं लागतात, रुंदी लागते, डोंगर फोडून केलेला मंद उतार लागतो.

आणि इथे मला तारखांनी खरंच थबकवलं. साइक्सनं ही गुहा पाहिली 1828 मध्ये. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमनं बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. 1863 मध्ये त्याच बोरघाटातून रेल्वे वर आली. पुढे कल्याणहून नगरकडे जाणारा मोटाररस्ता झाला तो शेजारच्या माळशेजातून. म्हणजे या घाटाचा लेख वाचला जायला लागला तेव्हाच याच्यावरून जाणारा माल दुसरीकडे वळत होता. कुठल्या लढाईनं नाही, दुष्काळानं नाही, चाकानं नाणेघाट रिकामा केला. त्याच चाकांतली दोन मी टपरीला टेकवून आले होते.

पण पुरता रिकामा झाला नाही, हेही खरं. रेल्वे येऊन शंभर वर्षं होत आली तरी पणजोबांना बैल आणायला हीच वाट जवळची होती. त्या व्यवहाराची कुठे नोंद नाही. जकातही कुणी घेतली नसेल.

परतीचा वारा तोंडावरचा होता आणि मधेच मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलेपर्यंत तीन पोरं उकिडवी बसून सगळं बघत होती, त्यातल्या एकानं पंप मारून दिला. घरी पोचायला दुपार टळली.

आबा ओट्यावर वाट बघत होते. मी फोनवर ब्राह्मीचे फोटो दाखवले, अंक दाखवले, 1700 गाई सांगितल्या. "लई दिल्या," ते म्हणाले आणि फोटो बोटानं पुढे सरकवत राहिले. वाटेच्या फोटोवर थांबले. माझ्याकडे असा एकच होता, हातात बूट धरून काढलेला, जरा हललेला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"ह्याच्या खाली वळाण हाय. तिथं ढवळ्या बसला व्हता. उठंचना. वडलांनी त्याच्यापुढं भाकर धरली, तवा उठला. त्या वळणाचा काढला न्हाई?"

"तिथपर्यंत नाही गेले आबा. सायकल वर ठेवली होती ना."

"आगं, सायकल कोण नेतंय तिथनं," आबा म्हणाले. "तू जायचंस."