तेरा वर्षांची सहल

परवा कॉलेजात एक फॉर्म भरत बसले होते. आमच्याकडे उपयोजित कलेच्या मुलांना वर्षातून एकदा 'क्षेत्रभेटी'ला न्यावं लागतं आणि दोनदा बाहेरचा पाहुणा वक्ता बोलवावा लागतो. दोन्हींसाठी वेगवेगळे फॉर्म आहेत, पण शेवटचा रकाना सारखाच: 'फलनिष्पत्ती'. इतकी वर्षं मी तिथे 'विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळाला' असं लिहीत आलेय. यंदा पेन तिथेच अडकलं, कारण त्याच आठवड्यात मी अजिंठ्याच्या जुन्या नकलांबद्दल वाचत होते. डोक्यात सारखा एकच प्रश्न होता, की जॉन ग्रिफिथ्सला हा रकाना भरायला दिला असता तर त्याने काय लिहिलं असतं?

तर मंडळी, हा ग्रिफिथ्स म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला मास्तर. सर जमशेटजी जीजीभॉयांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली ती शाळा सुरू झाली. चित्रकार घडवणं हा तिचा मूळ हेतू नव्हता. हाताला काम मिळेल असे कारागीर तयार करायचे, म्हणजे आजच्या भाषेत पक्कं व्यवसाय शिक्षण. १८६६ साली तिथे तीन कार्यशाळा निघाल्या: सजावटीची रंगचित्रं, मूर्तिकाम आणि लोखंडाचं नक्षीकाम. रंगचित्रं ग्रिफिथ्सकडे आली आणि मूर्तिकाम लॉकवुड किपलिंगकडे. (हो, रुडयार्डचे वडील. रुडयार्डचा जन्म जेजेच्या आवारातलाच.) त्या वेळी मुंबई बांधली जात होती. गव्हर्नमेंटच्या इमारतींना दगडातली पानंफुलं, पशुपक्षी, माणसांचे चेहरे हवे होते आणि ते करणारे हात या शाळेतून निघत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं किपलिंगची. पुढे व्हीटीचं बांधकाम झालं तेव्हा त्यावरचं कितीतरी नक्षीकाम जेजेच्या मुलांनी केलं.

म्हणजे नोकरीची तशी अडचण नव्हती. अडचण होती ती वर्गात. तिथे प्लास्टरचे ग्रीक साचे मांडलेले असायचे आणि गिरगाव-भायखळ्याची पोरं पेन्सिलीने अपोलोचं नाक उतरवायची. ग्रिफिथ्सला हे खटकत होतं. भारतीय कलाविद्यार्थ्यापुढे ठेवायला अजिंठ्याच्या लेण्यांसारखा दुसरा नमुना नाही, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने सरकारला लिहून कळवलं. १८७२ साली मंजुरी आली. त्या हिवाळ्यात तो निवडक विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेला, आणि हे प्रकरण तब्बल १८८५पर्यंत चाललं. तेरा वर्षांची सहल!

सहल म्हटलं तरी आपल्या सहलीशी तिचं काही साम्य नव्हतं. एसटी नाही, हॉटेल नाही. लेणी निजामाच्या मुलुखात. आत काळोख, वटवाघळं आणि शतकानुशतकांचा धूर. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, आणि दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलं. (भिंतीवर 'बबलू लव्हज पिंकी' लिहिणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे.) त्यानंतर १८४४पासून रॉबर्ट गिल नावाचा दुसरा अधिकारी तिथे राहून वर्षानुवर्षं नकला करत होता. त्याची चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, आणि १८६६च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. त्यामुळे ग्रिफिथ्सच्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

त्या मुलांचा दिवस डोळ्यांपुढे आणून बघा. मूळ चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली. भाताचा तूस, गवताचे तंतू घालून मळलेली माती, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि थोडा लांबून आणलेला निळा लाजवर्द. मुलांच्या हातात मात्र तैलरंग आणि कॅनव्हास, कारण शाळेत तेच शिकवलेलं. काही कॅनव्हास एवढे मोठे, की एका माणसाचं कामच नाही. एखाद्या बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ चार-चार दिवस बघायची आणि मग आपल्या ब्रशने तशी ओढायची. हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळणार?

मिळालं, याचा पुरावाही आहे. पेस्तनजी बोमनजी हा पारशी मुलगा या कामात वर्षानुवर्षं होता. पुढे तो पारशी घरांतल्या माणसांची चित्रं काढणारा नावाजलेला चित्रकार झाला. शिवाय अजिंठ्याची नक्षी मुंबईला शाळेत परत आली. तिथे जॉर्ज टेरीने कुंभारकामाचा विभाग काढला होता आणि त्यासाठी सिंधच्या कुंभारांची मदत घेतली होती. सिंधची चकाकी आणि अजिंठ्याची वेलबुट्टी एकाच बरणीवर आली. बाहेरचा कसबी माणूस शाळेत आला, शाळेची मुलं बाहेर गेली, आणि दोघांची गाठ एका मातीच्या भांड्यावर पडली. मला ही गोष्ट फार आवडते.

पण ग्रिफिथ्सच्या रकान्यात एवढंच लिहून भागणार नाही.

सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. ते मुंबईत राहिले नाहीत, लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेले. (तेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम झालं.) ज्या विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवायला हा सगळा खटाटोप केला, त्यांच्यापासून समुद्रापार. १८८५ साली तिथे आग लागली आणि शंभराहून जास्त चित्रं गेली. गिलची आगीत, ग्रिफिथ्सची आगीत... वाचताना मला खरंच घाम फुटला. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन मोठे ग्रंथ छापले. ते आजही अभ्यासकांना लागतात. मुखपृष्ठावर अर्थात नाव त्याचं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. काळपटलेल्या भिंतीवर चित्र नीट दिसावं म्हणून या मंडळींनी मूळ चित्रांवर स्वस्तातलं व्हार्निश फिरवलं. तेवढ्यापुरतं चित्र उजळलं, नक्कल झाली. व्हार्निश मात्र भिंतीवरच राहिलं आणि मूळ रंगांच्या खराबीत त्याने भर घातली. शिकायला गेलेल्या वर्गाने शिकवणाऱ्या भिंतीलाच इजा केली. मुलांचा त्यात काय दोष? मास्तरांनी डबा हातात दिला आणि लाव म्हटलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही लावलं असतं. मास्तरांच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला जास्त छळतो. कारण आता मी मास्तरांच्याच जागी आहे.

त्याच लेण्यांत पुढे आणखी एक सहल गेली. १९०९ ते ११च्या दरम्यान क्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकर्ती तिथे नकला करायला आली. ही बाई नुसती हौशी नव्हती. जुन्या इटालियन चित्रकारांच्या तंत्रावरचं चेन्निनो चेन्निनीचं पुस्तक तिने इंग्रजीत आणलं होतं, आणि अंड्याच्या बलकात रंग कालवून काढायची जुनी पद्धत ती स्वतःच्या हाताने जगवत होती. तिच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ टागोरांचे विद्यार्थी आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त. भगिनी निवेदितांनी या पोरांना पाठवाच म्हणून आग्रह धरला होता. त्या स्वतः जगदीशचंद्र बोसांबरोबर लेणी बघायलाही येऊन गेल्या. हालदारांनी या मुक्कामावर बंगालीत पुस्तक लिहिलं. म्हणजे या खेपेला विद्यार्थ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ती राहिली कारण त्यांनी स्वतः लिहिलं आणि पुढे स्वतः शिकवलं.

नंदलालबाबूंचं पुढचं आयुष्य म्हणजे त्या मुक्कामाची लांबलेली सावलीच म्हणा ना. शांतिनिकेतनात कलाभवन निघालं ते १९१९ साली. नंदलाल तिथले गुरू झाले आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन बाहेर पडायची प्रथा त्यांनी पाडली. सोबत स्केचबुक. स्वतः गुरुजी पोस्टकार्डांवर चित्रं काढून माणसांना धाडणार. उलट दिशेनेही ये-जा होती. जयपूरचे भित्तिचित्रकार नरसिंगलाल यांना त्यांनी शांतिनिकेतनात बोलावलं, आणि त्यांच्याबरोबर मुलं ओल्या चुन्यावर रंगवायला शिकली. पाहुणा वक्ता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आता नरसिंगलाल येतात. हा वक्ता बहुधा फार बोलला नसेल, थापीच चालवली असेल.

यात आपल्याकडचीही माणसं आहेत बरं का. विनायक मासोजी हा मराठी मुलगा कलाभवनात शिकला आणि पुढे तिथेच शिक्षक झाला. आणि १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेडेगावात भरलेलं पहिलं, तेव्हा गांधीजींनी सजावटीसाठी नंदलालबाबूंना बोलावलं. बांबू आणि गावात मिळेल ते सामान, एवढ्यातच सगळं करायचं होतं. फैजपूर म्हणजे खानदेश. अजिंठ्याचा डोंगर तिथून फार लांब नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी हा माणूस त्याच मुलुखात हातात ब्रश घेऊन बसला होता, हे तिथल्या मांडवाखालच्या किती जणांना माहीत असेल?

असो. तर आमच्या फॉर्मकडे येते.

दोन वर्षांपूर्वी मी एका पेंटरकाकांना वर्गात बोलावलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारे, जुन्या पद्धतीचे. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम जवळजवळ बंद झालंय. आधी ते घाबरले. "मॅडम, मला भाषण येत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "काका, भाषण नको, पाटी आणा." त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून टण्णकन रेघ मारली आणि मधल्या अक्षरापासून बाहेरच्या बाजूला शब्द मांडत गेले. मुलं उभी राहून बघत होती. शेवटी एका मुलाने त्यांना विचारलं, "काका, हे शिकून आता काम मिळेल का?" काका जरा थांबले. "पाटीचं नाही मिळणार," म्हणाले, "पण अक्षर कुठे श्वास घेतं ते कळेल." मी त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं, सांगू? 'विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळाला.' काकांचं नाव लिहायला एक ओळ होती, तीही छपाईत अर्धी कापली गेली होती. मी आडनाव तेवढं बसवलं.

यंदा जानेवारीत मुलांना अजिंठ्याला न्यायचं ठरतंय. तैलरंग नाहीत, स्टॅंड नाहीत, फ्लॅश तर नाहीच. पेन्सिल आणि छोटी वही, बस. पहिल्या आणि सतराव्या लेण्यात गर्दी असते, म्हणून सकाळी दार उघडायच्या वेळी पोचायचं. आईचं म्हणणं आहे की थंडी फार असेल, पोरांना शाली घ्यायला सांग. ते सांगीनच. आणि जायच्या आधी वर्गात त्या व्हार्निशच्या डब्याची गोष्ट सांगायची आहे.

रकाना अजून कोराच आहे. ऑफिसातले भाऊ दोनदा येऊन विचारून गेले.