तिनाचा आकडा

आज आपण एका आकड्याची गोष्ट बघणार आहोत. आकडा आहे तीन.

वेधशाळेच्या गच्चीवर गरगर फिरणाऱ्या वाट्या आपण पाहिल्या असतील. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचे संचालक थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा हा वायुवेगमापक पुढे आणला. त्यांचं म्हणणं असं, की वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात. मग वाटी लहान असो की मोठी, दांडी आखूड असो की लांब. म्हणजे वाट्यांचा वेग तिनाने गुणला, की वाऱ्याचा वेग मिळाला. इतकं सोपं! साहजिकच वेधशाळांनी ते उचललं.

प्रत्यक्षात हा गुणक वाटीच्या आणि दांडीच्या मापानुसार बदलतो. पण ते तपासायचं कसं? वारा काही हातात धरून ठेवता येत नाही. मग उलट करायचं. हवा स्थिर ठेवायची आणि मापकच एका लांब दांड्याच्या टोकाला बसवून ठरावीक वेगाने गोल फिरवायचा. ऐंशी ओलांडलेल्या रॉबिन्सन यांनी स्वतःच असे प्रयोग करून आपला जुना आकडा पुन्हा तपासायला घेतला. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम डाइन्स यांना प्रचलित मापकासाठी गुणक २.२ च्या आसपास मिळाला. म्हणजे बघा, नोंदवहीत ताशी ६० मैल लिहिलेलं वादळ खरं ताशी ४४ मैलांचंच. वाऱ्यापेक्षा गुणाकारच सुसाट सुटला होता!

१९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचा मापक आणला. आज त्यात चुंबक असतो. प्रत्येक फेरीला विजेचे ठोके पडतात आणि इलेक्ट्रॉनिक मंडल ते अचूक मोजतं. पण ठोके म्हणजे वेग नव्हे. ठोक्यांवरून वेग काढायचा, तर मापक वातबोगद्यात ठेवून, निरनिराळ्या ज्ञात वेगांना ठोके मोजून, त्यांची रेषा काढावीच लागते. ही रेषा सहसा शून्यातून जात नाही, कारण अगदी मंद वाऱ्यात घर्षणामुळे वाट्या हलतच नाहीत.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या आठवा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त मोजला, की शक्तीचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो. त्या अंदाजावर कुणी कर्ज काढलेलं असतं.

म्हणून पडद्यावर दशांश चिन्हासकट आकडा दिसला, की आपण एवढंच विचारायचं: हा मापक शेवटचा कधी तपासला होता?