शाळा कीं वेत ?

इंग्रजी अमदानींत अल्पवयी गुन्हेगारांचें काय झालें हें पाहूं जातां आम्हांस एक चमत्कारिक विसंगति दिसते. १८५० च्या कायद्यानें किरकोळ गुन्हा केलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलांस उमेदवारीवर धंदा शिकविण्याची सोय केली. पुढें मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळाहि निघाली. परंतु १८६४ च्या कायद्यानें अशा मुलांस अन्य शिक्षेऐवजीं फटके देण्याची मुभा मिळाली. तुरुंगांतल्या संगतीनें मूल बिघडेल, त्यापेक्षां वेत बरा, हा युक्तिवाद ! शाळेस इमारत लागे, शिक्षक लागे. वेतास कांहींच लागत नसे. १८७६ चा सुधारशाळांचा कायदा आला, तरी वेत सुटला नाहीं. १९२४ च्या मुंबई बालकायद्यानें निराधार मुलेंहि कोर्टाच्या छत्राखालीं घेतलीं. अपराधावांचून अटकाव, ही त्या दयेची दुसरी बाजू. फटके कायद्यांतून गेले ते १९५५ सालीं, स्वराज्यांत.