अमृताची कसोटी

बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथची कथा सांगतात ती अशी: समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत वर आले, दानव मागे लागले, तेव्हा विष्णूने दोन्ही इथल्या शिवलिंगात दडवले. म्हणून भाविक आजही लिंगाला हात लावून दर्शन घेतात. अमृताची ओढ इतकी जुनी आहे. पण एखाद्या औषधाने आयुष्य खरोखर वाढले, हे पारखायचे कसे? माणसांवर पाहायला बसले तर पारखणाऱ्याचेच आयुष्य पुरायचे नाही. ही पारख शक्य झाली ती जेमतेम अडीच-तीन वर्षे जगणाऱ्या उंदरामुळे.

प्रयोगशाळेतल्या या उंदराचे कूळ अमेरिकेतल्या ग्रॅनबी गावी पोचते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ॲबी लॅथ्रॉप ही बाई हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत असे. हार्वर्डचे संशोधकही तिच्याकडून उंदीर नेऊ लागले. त्यांच्यापैकी क्लॅरन्स लिटल यांनी १९०९ पासून भावंडांचीच पैदास पिढ्यानपिढ्या करून शुद्ध वाण तयार केले आणि १९२९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा उभारली. शुद्ध वाणांनी कर्करोगाच्या अभ्यासाला मोठा आधार दिला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा माग उंदरांवरच काढला.

म्हातारपणाच्या अभ्यासात मात्र हीच शुद्धता आड येते. एका वाणातले बरेच उंदीर एकाच तऱ्हेच्या रोगाने मरतात. मग त्या रोगाला आवरणारे औषधही वार्धक्यावरचे औषध वाटू लागते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने या शतकाच्या आरंभी सुरू केलेल्या चाचणी कार्यक्रमात चार वाणांच्या संकरातून आलेले उंदीर घेतले. त्यांत कोणतेही दोन सारखे नसतात. कापसाचा नवा वाण एका शिवारात साधला म्हणून त्याची शिफारस होत नाही, निरनिराळ्या जमिनींत तो पेरून पाहावा लागतो. तसेच इथे जॅक्सन प्रयोगशाळा, मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सासमधले सॅन अँटोनियो या तीन ठिकाणी एकच औषध, एकाच वेळी, नर आणि मादी दोघांनाही देतात आणि उंदीर नैसर्गिकपणे मरेपर्यंत नोंद ठेवतात.

या कसोटीला सर्वांत ठळकपणे उतरले ते रॅपामायसिन. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेने रापा नुई बेटावरून माती आणली होती. तिच्यातल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाने हे द्रव्य वेगळे काढले. आधी बुरशीनाशक म्हणून पाहिलेले हे द्रव्य पुढे मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरात आले. उंदरांच्या खाद्यात ते टिकेना. सूक्ष्म वेष्टनात भरण्याची युक्ती साधेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीचे झाले. तरीही कमाल आयुष्याच्या मापाने माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के अधिक जगले. २००९ मध्ये हे तिन्ही ठिकाणांहून एकत्र प्रसिद्ध झाले.

याच कसोटीत हळदीतले करक्युमिन, ग्रीन टीचा अर्क आणि गाजलेले रेझव्हेराट्रॉल यांनी उंदरांचे आयुष्य वाढले नाही. मधुमेहावरच्या अकार्बोजने नरांचे आयुष्य बरेच वाढले, माद्यांचे थोडेच. म्हणजे फक्त नर तपासले असते तर अर्धीच गोष्ट कळली असती.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध निरोगी माणसाने आपल्या मनाने घेणे धोक्याचेच. तरीही या कार्यक्रमाने एक मोलाची रीत घालून दिली आहे: वर्षानुवर्षे थांबून हाती आलेले अपयशही यशाइतक्याच ठळकपणे छापायचे. तारुण्य टिकवण्याची हमी देणारी गोळी कुणी विकायला आणली, तर ती किती ठिकाणी, कोणावर आणि किती काळ तपासली, हे विचारण्याचा हक्क या रीतीने आपल्यालाही दिला आहे. तो बजावायला हवा.