एकोणतिसाचा पाढा

मराठी शाळेतील पाढ्यांचा इतिहास सांगताना बहुधा गणिताविषयी किंवा छडीविषयी बोलले जाते. पाढे हा भाषेच्या इतिहासाचाही दस्तऐवज आहे, याकडे आम्हां साहित्याच्या अध्यापकांचे लक्ष क्वचितच जाते.

एकोणतिसाचा पाढा घेऊ. तिसापर्यंतच्या पाठांतरात मुले हमखास अडखळत ती येथेच. वास्तविक त्याची किल्ली नावातच आहे. एकोणतीस म्हणजे ‘एकोन त्रिंशत्’, एकाने उणे तीस. म्हणून अठ्ठावन्न हे दोनाने उणे साठ, सत्त्याऐंशी हे तिनाने उणे नव्वद, आणि एकोणतीस नव्वे म्हणजे दोनशे सत्तरातून नऊ वजा. संख्येचे नावच तिचा पाढा रचण्याची रीत सांगते. घोकून घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ती मुलांना उलगडून सांगितली असेल, हा प्रश्न वेगळा.

शंभराच्या पुढे पाढ्याची भाषा अधिकच जुनी होते. एकशे वीस न म्हणता ‘वीसासे’, एकशे पस्तीस न म्हणता ‘पस्तीसासे’, एकशे सतरा न म्हणता ‘सतरोदरसे’. लहान संख्या आधी आणि शंभर नंतर, ही संस्कृतातील ‘सप्तदशोत्तरशतम्’ या रचनेची सावली होय. व्यवहारातील मराठीने हा क्रम केव्हाच उलटवला. पाढ्याने मात्र तो लयीच्या आधारे जपला.

अपूर्णांकांच्या पाढ्यांची कथा याहून करुण आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही मालिका सोळा आण्यांच्या रुपयाच्या जगात उपयोगाची होती. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि तिचा आधारच सुटला. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाला आणि त्याचाच मराठीत औट. येथेही तीच दृष्टी आहे: चौथा आहे, पण अर्धाच. आज वर्गात ‘औटघटकेचे राज्य’ सर्वांना ठाऊक असते, पण ते साडेतीन घटकांचे, म्हणजे अवघ्या चौऱ्याऐंशी मिनिटांचे, हे सांगावे लागते. पाढा गेला, वाक्प्रचार उरला.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत ‘वीस तीन’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. विधिमंडळातही तो विषय निघाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, शिवाय वर जोडाक्षरे, यांमुळे मुले गोंधळतात. भाषा भ्रष्ट होईल असा आक्षेप घेणाऱ्यांनी ‘पस्तीसासे’चे ‘एकशे पस्तीस’ झाले तेव्हा काय बिघडले, हे स्वतःला विचारायला हवे होते. तो बदल कोणत्याही समितीने केला नव्हता. मात्र दुसरी बाजूही खरी आहे: ‘वीस नऊ’ म्हटले की तिसातून एक वजा करण्याची सूचना नाहीशी होते.

आमच्या स्मरणरंजनालाही मर्यादा हवी. धूळपाटीवर अक्षरे गिरवून पंतोजींपुढे पाढे म्हणण्याचा अधिकार ठरावीक घरांतील मुलग्यांपुरताच होता. फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. ज्या घरांत परवचा कधी झालाच नाही, तेथून आलेल्या विद्यार्थ्याला ‘सतरोदरसे’ हा वारसा वाटावा तरी कसा?

तेव्हा पाढे पुन्हा सक्तीने घोकवावेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ध्वनिपरिवर्तनाची उदाहरणे देताना आपण शिलालेखांकडे जातो, तसे एकदा अंकलिपीकडेही जावे. घरात अजून औटकी म्हणू शकणारी आजी किंवा आजोबा असतील, तर विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यावी. छापील अंकलिपीत शब्द सापडतील. त्यांचा हेल मात्र त्या पिढीबरोबरच जाईल.